दुसरा अर्थ

"हा दुसरा अर्थ तेवढा काढा," शिंपी म्हणाला आणि त्यानं पान बाईंच्या टेबलावर ठेवलं.

नव्या आवृत्तीची पानं छापण्याआधी वाचनालयांत लावायची, कुणाची हरकत असली तर ऐकून घ्यायची, ही शब्दकोशाच्या कचेरीची जुनी पद्धत. लोक येत, तावातावानं भांडत आणि पाणी पिऊन जात. संपादक बाईंना त्याची सवय होती.

पान 'ख'चं होतं. खासदार: एक, संसदेवर निवडून गेलेला सदस्य. दोन, बोलीत, थट्टेनं: शब्द देऊन पुन्हा तोंड न दाखवणारा. 'नळवाला पक्का खासदार निघाला.'

बाईंनी खण ओढला. "एकोणनव्वद चिठ्ठ्या आहेत याच्या. हे नळवाल्याचं वाक्य तर माझ्या सख्ख्या बहिणीचं. आम्ही शब्द घडवत नाही हो, लोक बोलतात ते टिपतो."

प्रत्येक चिठ्ठीवर वाक्य, खाली बोलणाऱ्याचं नाव, त्याखाली त्याचं काम. एवढं भरलेलं नसेल तर बाई चिठ्ठीला हात लावत नसत.

शिंप्यानं गळ्यातली टेप काढून उगाच गुंडाळली. "माझ्या मुलीनं वाचलं हे. काल धड जेवली नाही. उद्या तिचा पहिला दिवस आहे."

"नवीन जागा?"

"सगळंच नवीन. ओळखीचं कुणी नाही. बाकसुद्धा शेवटचा मिळालाय. घंटा वाजली की आत जायचं. हात वर केला तरी बोलू देतीलच असं नाही म्हणे. पिशवी तेवढी मी शिवून दिली."

बाईंना आपला शाळेतला पहिला दिवस आठवला. "पण तिला या शब्दाचं एवढं काय पडलंय?"

"सध्या तिच्या डोक्यात दुसरं काही नाहीच."

"मुलांची खुळं ती. चार दिवसांत उतरतात."

"हे पाच वर्षं तरी उतरायचं नाही," शिंपी गंभीरपणे म्हणाला.

बाईंना हसू आलं. बाप बिचारा भोळा होता. त्यांनी एक कोरी चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली. "अर्थ मला काढता येत नाही. पण तिचं म्हणणं तिलाच लिहू द्या. परवा दुपारी पान छापायला जातंय."

त्यानं चिठ्ठी दुमडली नाही. तशीच सदऱ्याच्या खिशात जपून ठेवली.

दोन दिवस बाईंना मन खात राहिलं. एका पोरीचा हिरमोड करून कोश कशाला छापायचा, असंही वाटून गेलं. तिच्यासाठी त्यांनी कपाटातून चित्रांचा छोटा कोश काढून ठेवला, पहिल्या पानावर 'सप्रेम भेट' लिहून नावाला जागाही सोडली.

शिंपी ठरल्या वेळी आला. रात्रभर प्रवास करून आला होता, तरी चेहरा फुललेला.

"बोलू दिलं का तिला?" बाईंनी आधी तेच विचारलं.

"दोन मिनिटं. पण बोलली."

त्यानं चिठ्ठी पुढे केली. बाईंनी चष्मा चढवला. अक्षर लहान मुलीचं नव्हतं.

'दुसरा अर्थ राहू द्या. एवढी माणसं म्हणतात म्हणजे खरंच असणार. पुढच्या आवृत्तीत त्याच्यापुढे "जुना वापर" असं लिहायची वेळ तुमच्यावर आणते.'

खाली नाव होतं. त्याखाली, कामाच्या ओळीत, लिहिलं होतं: खासदार, कालपासून.