स्वागताचा गुच्छ

चार वर्षं हुलकावणी देणारं गॅलरीबागेचं बक्षीस यंदा माझंच होतं. शेवंतीच्या बावीस कुंड्या एकदम फुलल्या होत्या. परीक्षकबाई दहाला येणार म्हणून मी अंघोळीला गेले, तिथेच घात झाला. बाहेर आले तर, कुंडीत कधी तांब्याभर पाणी न घातलेले आमचे हे दारात बाईंना भलामोठा गुच्छ देत होते. “म्हटलं, स्वागत दणक्यात व्हायला हवं.” बाई गॅलरीत जाऊन बावीस बोडकी झाडं बघून आल्या. “बागेला शून्य द्यावं लागतंय हो,” त्या मला म्हणाल्या. “पण पुष्परचनेच्या गटात अजून कुणीच नाही.” आणि पहिल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र यांच्या नावानं तिथल्या तिथे लिहून दिलं. हे चक्क लाजले. “अगं, बक्षीस घरात आल्याशी मतलब.” “ते प्रमाणपत्र आता कुंडीत लावा,” मी म्हटलं. “त्याला पहिली कळी येईपर्यंत स्वयंपाक तुमच्याकडे.”