पन्नासाच्या वरचा कुत्रा

सारजाबाईचा सुलतान अजून तीन दिवस तसाच राहिला असता, तर वैष्णवीला बरंच मिळणार होतं. तक्त्यातली शेवटची ओळ भरली असती, पशुवैद्यकीच्या प्रबंधावर सरांची सही झाली असती, आणि दिवाळीला गावी पाथरीत चुलत्यांपुढं मान वर करून फराळ करता आला असता. सुलतानाचं नाव या हिशेबात नव्हतं. तो कुत्रा क्रमांक सहा होता.

सकाळी ती बोरीत पोचली, तेव्हा सारजाबाई अंगणात सुलतानाला मांड्यांत दाबून बसली होती. समोर घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव. कानातला एक गोचीड उपटून तिनं त्यात टाकला. फट्ट झालं.

"मावशी, थांबा. एकवीस दिवस हात लावायचा नाही, असं ठरलं होतं ना?"

"अठरा झाले की."

"म्हणून तर. गोचिडाची मादी पोटभर रक्त पिऊन आपोआप गळाली तरच नीट अंडी घालते. उपटली की माझी मोजणी गेली."

"उद्या ट्रॅक्टर निघायलाय ऊस तोडाया. आमी फडात गेलोत की तिथल्या खोपटात, कोपीवर, पोरांपाशी ह्योच असतो. आज ह्याला उठवंना झालंय."

वैष्णवीनं सुलतानाचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या चुन्यागत पांढऱ्या. अंगात रक्त उरलं नव्हतं. ते लिहायला वहीत रकाना नव्हता, म्हणून तिनं लिहिलं नाही.

"येवढं मोजायलीस कशापायी, ते तरी सांग," सारजाबाई म्हणाली. हात थांबला नव्हता.

वैष्णवीनं सांगितलं. कुत्र्यावर पाच-दहाच असले, तर एकेक मादी एरंडीच्या बीएवढी फुगते आणि दोन-दोन हजार अंडी घालते. पन्नासाच्या वर गेले, कानात दाटी झाली, की प्रत्येकीला रक्त कमी पडतं. तुरीच्या दाण्याएवढी राहते, अंडी निम्मी. पाच कुत्र्यांवर असंच निघालं होतं. सहावा हवा होता.

सारजाबाई हसली. "गर्दीत त्यांला कमी पडायलंय, हे तुला कळलं. मंग ह्याचं रगत कमी जायलंय का?"

वैष्णवीनं वही मिटून मांडीवर ठेवली.

"मुकादम आमाला कोयत्यानं मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. तू ह्याला गोचिडानं मोजायलीस." आणखी एक. फट्ट. "येका कोपीत सात जण राहतोत आमी. गर्दीचं मला नको शिकवू, पोरी."

"पण तुम्ही शब्द दिला होता."

"तू दिलेल्या औषधाच्या बाटलीपायी दिला व्हता, खोटं कामून बोलू? बाटली ने वापस. कुत्रं माझं हाय."

तेवढ्यात सरांचा फोन आला. वैष्णवीनं सगळं सांगितलं.

"बाईला समजाव. नाहीतर कुत्रा तीन दिवस इकडं आणून ठेव," सर म्हणाले. "अर्धवट तक्ता मी पुढं पाठवणार नाही."

सुलतान पडल्या पडल्या तिच्याकडं बघत होता. ती आली की शेपूट हलवायचं त्याचं रोजचं काम आज त्यानं केलं नव्हतं.

"सर, सहावा कुत्रा आजारी आहे. मी त्याला आज औषध देतेय."

"मग प्रबंधाला सहा महिने थांबावं लागेल."

"थांबते."

फोन ठेवून तिनं पिशवीतून चिमटा काढला. "असं ओढू नका मावशी, तोंड आत राहतं. कातडीलगत धरा आणि सरळ वर."

सारजाबाईनं सरकून जागा दिली. एक कान तिचा, एक वैष्णवीचा.

बावन्न निघाले. मोजले ते सारजाबाईनं.

औषध किती द्यायचं ते ठरवायला वजन हवं होतं. सुलतानाला पोत्यात घालून दोघींनी गिरणीत नेलं, काट्याला टांगलं. साडेचौदा किलो.

"पहिल्या दिशी सतरा भरला व्हता," सारजाबाई म्हणाली. "तू गेल्यावर मीच हितं आणून मोजला. आपलं कुत्रं दुसऱ्याच्या हाती द्यायचं, तर किती दिलं ते ठावं नको?"

वैष्णवीनं गिरणीच्या ओट्यावर वही उघडली. तक्त्यात तीन रकाने होते: गोचीड किती, मादीचं वजन, अंडी. तिनं शेजारी पेनानं उभी रेघ मारून चौथा पाडला आणि वर लिहिलं, 'कुत्रा'. सुलतानापुढं लिहिलं, 'अडीच किलो कमी'.

मग पेन वरच्या ओळींवर नेलं, आणि तिथंच धरलं. त्या पाचांना काट्यावर कुणी नेलंच नव्हतं.