तिन्हीसांजेचं दूध

फाळणीनंतरच्या दंगलींच्या धास्तीने सोपाऱ्यातही लष्कराची लॉरी उभी होती. दिवेलागणीला शेजारची रुकय्या कुंपणापाशी कल्हईची वाटी घेऊन आली. “वहिनी, बाळाला थोडं दूध द्या ना. आमची शेळी काल विकली.” मंदाने हात पुढे केला, तोच सासूबाई ओरडल्या, “तिन्हीसांजेला दूध देतात का कुणी? घरात लेकरू तापलंय!” बी.ए. झालेल्या मंदाला हे पटत नव्हतं, पण पाळण्यातलं कण्हणं ऐकून ती कचरली. “वाटी ठेवून जा. सकाळी भरून आणते.” रुकय्या काहीतरी बोलणार होती, पण कसनुशी हसली. पहाटे बाळाचा ताप उतरला. मंदा भरली वाटी घेऊन धावली. रुकय्याच्या दाराला कुलूप होतं. पहाऱ्यावरचा जवान म्हणाला, “रातच्याला नेलं त्यांना, कराचीच्या बोटीवर. लॉरीत लेकरू लई रडत हुतं, ताई. आमच्याकडं नुसता कोरा चहा. तोच बोटानं चाटवला.”