नंतर लागलेली

डाळमिलमध्ये रंग पाहून खडे वेगळे करणारं मशीन आलं आणि अकरा वर्षं तूर निवडणाऱ्या शकुनबाईंना मालकाने कामावरून कमी केलं. चौथ्या दिवशी त्या सून रागिणीला घेऊन अकोल्याला, वकील बद्रुद्दीन साहेबांकडे आल्या.

वकिलांनी मालकाने दिलेला कामावरून काढल्याचा कागद दोनदा वाचला. “माणसं कमी करायचा हक्क मालकाले आहे, बाई. पण त्याच कामावर जो शेवटी लागला, त्याले आधी काढा लागते. तुमच्यानंतर लागलेली कोणी अजून तिथं डाळ निवडून राहिली काय?”

“नाही जी.”

“नीट आठवा. एक नाव भेटलं तरी केस उभी राहते. नाही भेटलं, तर माह्या हातात काही नाही.”

“कोणीच नाही. सांगतलं ना एकदा.”

“मंग येवढ्या दूर काहून आल्या?”

शकुनबाईंनी पिशवी उचलली आणि त्या दाराकडे निघाल्या. रागिणी मात्र खुर्चीवरून हलली नाही.

“आहे एक,” ती म्हणाली. “दोन वर्षांपहिले लागली.”

“तू गप राय. चाल घरी!” शकुनबाईंचा आवाज चढला.

वकिलांनी पेन उघडलं. “सांग पोरी, घाबरू नको. ते बाई जाईन अन् तुही सासू परत कामावर लागन. नाव काय तिचं?”

“लिहा,” ती म्हणाली. “रागिणी गोपाल वानखडे. यायनंच लावून देलं होतं मले.”