घर बंद
वीज कंपनीने गावची फ्रँचायझी ग्रामपंचायतीकडे दिली, तेव्हा मीटर वाचायच्या कामासाठी ममताचं नाव फुलीबाईनेच सुचवलं होतं. फुलीबाई डोंगरातल्या वरच्या पाड्यावर राहायची. तिथवर चढायचा कंटाळा म्हणून ममताने तीन महिने नोंदवहीत पाड्यावरच्या चौदाही घरांपुढे 'घर बंद' असं लिहून टाकलं. मग पाड्याला वीज पुरवणारा डीपी जळाला आणि पाण्याची मोटर थांबली. ग्रामसभेत इंजिनिअर साहेब नोंदवही उघडून म्हणाले, "तिथे कोणी राहतच नाही, तर नवा डीपी कुणासाठी?" ममताने मान खाली घातली. फुलीबाईने एकवार तिच्याकडे पाहिलं आणि उठून सांगितलं, "बरोबर आहे साहेब. आम्ही सगळे गुजरातला ऊस तोडायला गेलो होतो. आता परत आलो." साहेबांना ते पटलं. ममताला मात्र बसवेना. "ती मला वाचवायला खोटं बोलतेय, साहेब. कोणी कुठे गेलं नव्हतं. मीच वर चढले नाही." तिचं काम त्याच दिवशी गेलं. पंधरा दिवसांनी डीपी बसला आणि ते सांगायला फुलीबाई मुद्दाम खाली आली. ममता रडवेली झाली. "मावशी, माझ्यामुळे तुला एवढे दिवस डोक्यावरून पाणी आणावं लागलं." फुलीबाई ओसरीवर टेकली. "पाण्याचं सोड गं. तीन महिने तुझी वाट बघितली. तेवढं मात्र मनाला लागलं."