मेंढरांचा वाटा

"आण्णा, सूपभर ठिवा की खळ्यात. मेंढरांचा वाटा हाय त्यो," मल्हार म्हणाला, आणि त्याची बायको साधना हातात खराटा घेऊन तशीच उभी राहिली.

खळं झाडताना शेवटचं सूपभर धान्य मेंढरांना सोडायचं, ही आण्णांच्या घरची जुनी रीत. बाजरी असो की ज्वारी. मल्हारला मात्र या रितीचा भारी राग. मागच्या वर्षापर्यंत तो म्हणायचा, "आधी मेंढरास्नी घाला, मग पोरास्नी." यंदा रानात पहिल्यांदाच सोयाबीन केलं होतं, आणि स्वारी स्वतःच बापाला आठवण करून देत होती.

आण्णांचा चेहरा खुलला. सत्तरी गाठलेला हा म्हातारा अजून दर दिवाळीनंतर अडतीस मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. गेल्या साली तिकडंच तापानं आठ दिवस पडून होता, आणि इकडं गावात, निमोण्याच्या एस.टी.डी. बूथवर निरोप आला तो नवव्या दिवशी. तेव्हापासून बापलेकांत एकच वाद. मल्हार म्हणायचा, विका. आण्णा म्हणायचे, "ती हाईत तवर मी हाय." आता दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि आण्णांनी घोंगडी उन्हात टाकली होती.

साधनानं सूप भरून दिलं. आण्णांनी दाणे पसरले, मेंढरं खळ्यात घेतली. दोन मिनिटांत सगळं फस्त.

त्या दिवशी सकाळपासून हौसरावांचं मळणी मशीन चाललं होतं. ट्रॅक्टर लावतानाच ते मल्हारला म्हणाले होते, "गाय लांब बांध रं." मल्हारनं गाय पार बांधावरच्या बाभळीला नेऊन बांधली. दाणा चांगला वाळला होता, दाताखाली कट्ट वाजत होता. साधनानं एकेक पोतं दाभणानं शिवलं. बारावं पोतं पुढच्या पेरणीला ठेवायचं होतं, आणि नेमकी तिथंच सुतळी संपली. तिनं जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी फाडली आणि पोत्याचं तोंड आवळून बांधलं.

"आण्णा, आज तुमी घरात निजा," अंधार पडायच्या आत मल्हार म्हणाला. "हिव पडलंय. खळ्याची आन् मेंढरांची राखन मी करतो."

"तू?" आण्णा हसले. "मेंढरांत निजनार?"

"का? मी ह्या घरचा न्हाई व्हय?"

जेवताना आण्णा सुनेला दोनदा म्हणाले, "पोरगं वळणावर आलं गं." साधनालाही बरं वाटलं. लग्न होऊन आल्यापासून या दोघांना एका ताटावरून न भांडता उठताना तिनं क्वचितच पाहिलं होतं.

पहाटे मल्हार घरात आला तो सदरा काढतच. "अंगाला नुसती आग सुटलीया, सोयाबीनची कुसं," म्हणत त्यानं तो बादलीत टाकला. साधनानं वर पाणी ओतलं. आण्णा तोवर उठून मेंढरांच्या वाडग्याकडं गेले होते. तिकडून त्यांचा आवाज आला. ते ओरडत नव्हते. "मल्हारा," एवढंच परत परत म्हणत होते.

मेंढरं पोटं फुगून आडवी पडली होती. काही ताठली होती, काही अजून पाय झाडत होती. शिरूरहून जनावरांचा डॉक्टर येईपर्यंत दुपार झाली आणि त्याला करण्यासारखं काही उरलं नाही. डालग्याखालची दोन कोकरं तेवढी वाचली. ती अजून दुधावरच होती.

हौसराव आले आणि डोक्याला हात लावून बसले. "आरं, म्या सांगितलं व्हतं न्हवं, गाय लांब बांध म्हून? सोयाबीन पोटात गेलं की फुगतंय."

"मला वाटलं, मशीनच्या पट्ट्यात घावंल म्हून सांगताय," मल्हार खाली बघत म्हणाला.

"सूप मीच भरून दिलं," साधना म्हणाली. तिच्याकडं कुणी पाहिलं नाही.

खड्डा मल्हारनं एकट्यानं खणला. हौसराव मदतीला उठले तर त्यानं त्यांना फावड्याला हात लावू दिला नाही. तळहातांना फोड आले, फुटले, तरी तो खणत राहिला. आण्णा बांधावर बसून बघत होते. डोळ्यांत टिपूस नव्हता. "सूपभरच व्हतं," एवढं एकदा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मल्हार टेम्पो करून शिरूरच्या मार्केट यार्डात गेला. पोती टेम्पोत चढवली तेव्हा साधना आण्णांजवळ बसली होती. परत आल्यावर मल्हारनं सांगितलं, "बियाणाचं पोतंबी घातलं. ते पीक नगं आता आपल्या रानात." साधनाला ते पटलं.

तिन्हीसांजेला आण्णांनी घोंगडीची घडी करून तिच्या हातात दिली. "माळ्यावर टाक. आता घरीच ऱ्हातो मी."

मल्हारनं वाटीत तेल घेतलं आणि बापाचे पाय चोळायला बसला. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. साधना बघत होती. आपल्यालाही रडू यायला हवं, असं तिला वाटलं, पण येत नव्हतं. हात आपले चालत होते. तिनं भाकरी थापल्या, वाढल्या, भांडी घासली. भांडी पालथी घालताना तिला ती बादली आठवली. काल पहाटेपासून सदरा तसाच भिजत पडला होता.

ती मोरीत बसून तो पिळायला लागली.

"पोरी," आण्णांनी ओट्यावरून विचारलं, "सूपभरच व्हतं न्हवं गं?"

"व्हय आण्णा, सूपभरच," ती म्हणाली. तेवढ्यात सदऱ्याच्या खिशात काहीतरी बोटांना लागलं. तिनं ते ओढून बाहेर काढलं. हिरव्या लुगड्याची चिंधी होती.