चौऱ्याऐंशी टक्क्यांवर

"सर, कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण तुमचं सॉफ्टवेअर मी सोर्सकोडपासून उभं केलंय. खापर गावात, आमच्या घरी बसून," ममता फोनच्या कॅमेऱ्यात बघत म्हणाली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिने लॅपटॉपकडे पाहिलं. चौऱ्याऐंशी टक्के.

लॅपटॉप दोन विटांवर ठेवला होता, खालून वारा लागावा म्हणून. सॉफ्टवेअर अजून बांधलं जात होतं, पडद्यावर ओळीमागून ओळ सरकत होती. मधूनच एखादी पिवळी ओळ यायची आणि ममता ती दोनदा वाचायची. पिवळीचं काही नाही, ती नुसती कुरकुर. लाल आली की सगळं पहिल्यापासून. काल घाईघाईत चार कामं एकदम लावली, तर लॅपटॉपने मान टाकली होती. म्हणून आज सकाळपासून एकेकच चाललं होतं, बैलगाडीच्या चालीने.

पुण्याचे सर मिरची सुकवायच्या भट्टीत गरम हवा कशी फिरते, ते संगणकावर मांडून बघत होते. उन्हाळ्यापुरता त्यांना एकच विद्यार्थी घ्यायचा होता, आणि अट साधी होती. सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं आहे, त्यात आम्ही आमची भर घातली आहे, तयार मिळणार नाही. सोर्सकोड घ्या, आपल्या मशीनवर स्वतः बांधा आणि चालवून दाखवा. "झालंय," असं ममताने परवाच कळवून टाकलं होतं. होईलच तोवर, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

"छान," सर म्हणाले. "मग दाखव चालवून. आज नाही जमलं तर पुढच्या मुलाला बोलावतो, तो थांबलाय."

कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे भटूकाका खाटेवर बसले होते. मोलगीच्या घाटात त्यांच्या जीपमध्ये बिबट्या चढला आणि भाडं देऊन उतरला, हे ते अजून सांगतात. वर त्याने सुट्टे मागितले नाहीत म्हणून त्याचं कौतुकही करतात. आता त्यांनी वरच्या दिव्याकडे बोट दाखवलं आणि मूठ मिटली.

"सर, आत्ताच लाइट गेली," ममता म्हणाली.

"तुझ्या डोक्यावर पंखा फिरतोय."

काकांचा हात लगबगीने बोर्डाकडे गेला. नेमका चार्जरच्या बटणावर. त्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली होती. तो जगत होता तो भिंतीतल्या विजेवर.

"ते नको!" ममता किंचाळली.

"काय नको?"

"मांजर, सर. दुधाकडे चाललं होतं."

काकांनी दुसरं बटण दाबलं. पंखा रेंगाळत मंदावला.

"जुना आहे, सर. लाइट गेली तरी बराच वेळ फिरत राहतो."

"बराच म्हणजे?"

"कधी कधी चहा होऊन जातो."

काकांनी समाधानाने मान डोलावली. पोरगी घराण्याचं नाव काढणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पंखा थांबला तशी खोली तापली, आणि खोली तापली तसा लॅपटॉपच्या पोटातला पंखा घोंघावायला लागला. ममताने वर हात ठेवला आणि चटका बसून काढून घेतला. पडद्यावर त्र्याण्णव टक्के. घामाचा थेंब नाकावरून ओठावर आला. पुसायलाही तिला भीती वाटली.

"तो आवाज कसला?" सरांनी विचारलं.

"मिर्ची कांडप," काका ओठांतल्या ओठांत म्हणाले.

"शेजारी मिरची कांडपाची गिरणी आहे, सर. आमच्या दाराशीच. सध्या गर्दी असते ना."

"लाइट गेली म्हणालीस."

"डिझेलवर चालते, सर!" हे मात्र तिने काकांकडे न बघता सांगितलं, आणि सांगितल्यावर थांबवेना. "लई जुनं इंजिन आहे. पलीकडे गुजरातेत आवाज जातो. तिकडचे लोक त्याच्यावर घड्याळं लावतात."

सत्त्याण्णव.

ओळी थांबल्या. आतापर्यंत बनवलेले सगळे तुकडे शेवटी एकमेकांना जोडायचे असतात. तिथे यंत्र असं मूग गिळून बसतं. जोडतंय की मेलंय, हे बाहेरून कळायला मार्ग नसतो. लाल ओळ येईना, पिवळी येईना. नुसता एक चौकोन लुकलुकत राहिला.

ममताने फोनच्या माइकवर अंगठा दाबला. "काका, थांबी गयं."

"थांबू दे. तू बोलत ऱ्हाय, बेटा. गप बसशी तं मरशी."

"काय बोलू? माले काहीच सुची नही ऱ्हायनं."

तिने अंगठा काढला. लॅपटॉप घोंघावत होता. पलीकडे सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ममता," ते म्हणाले, "तुमच्या दाराशी मिरची कांडतायत. आपण एवढा वेळ बोलतोय. आणि तुमच्याकडे कोणाला एक शिंक नाही, साधा ठसका नाही?"

मग खाटेवरून भटूकाका शिंकले, असे दणदणीत की विटांवरचा लॅपटॉप हादरला.

"कोणाची का असेना, पण ही शिंक उशिरा आली," सर म्हणाले. "आता सांग, किती टक्क्यांवर आहे?"